पूर ओसरल्यावर खिडकीवर पैसे मागू नका

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: आपत्तीत पडलेल्या घरांच्या दुरुस्ती परवानगीचे शुल्क कायमस्वरूपी आदेशाने माफ करण्याबाबत

मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार. मी नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावात परवानाधारक अभियंता म्हणून काम करतो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रार एका कार्यालयाची नाही, आणि तिथल्या बांधकाम विभागात मला उद्याही जायचे आहे.

2005, 2019 आणि 2021 असे तीन पूर मी या पट्ट्यात काम करताना पाहिले. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली. तिथली धोका पातळी 45 फूट. दोनच वर्षांनी कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 2019 चा आकडाही मागे टाकला. त्याच 2021 च्या जुलैत वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली. त्याच्या आदल्या वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरुडची कौले आणि पत्रे उडवले होते. 2025 च्या सप्टेंबरात सोलापूरकडे सीना नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. यादी एवढ्याचसाठी दिली की ‘अपवादात्मक परिस्थिती’ हा शब्द आता शासन निर्णयात शोभत नाही. पाणी ठरल्यासारखे येते आणि सवलतीचा निर्णय मात्र दरवेळी कोऱ्या कागदावरून सुरू होतो.

आमच्याकडची जुनी घरे पांढऱ्या मातीची. खाली दगडी पाया, वर दीड-दोन हात जाडीच्या भिंती. ही भिंत पाण्यात असताना बहुधा पडत नाही. ती पाणी पिते, फुगते आणि पाणी ओसरून ऊन पडले की आठ-दहा दिवसांनी एखाद्या रात्री बसते. पंचनामा तोवर होऊन गेलेला असतो. तलाठी चौथ्या दिवशी येऊन ‘अंशतः पडझड’ लिहून गेले आणि अकराव्या दिवशी भिंत अंगणात आली, अशी घरे मी बोटांवर मोजण्यापलीकडे पाहिली आहेत.

त्यातले एक घर एका मावशींचे. 2021 चा पूर. पश्चिमेची अकरा फूट भिंत गेली, आढे (छपराचे मधले आडवे लाकूड) लोंबकळत राहिले. त्या वर्षी सरकारने केंद्राच्या निकषांपेक्षा जास्त मदत दिली होती, ते मान्यच करायला हवे. किमान 15 टक्के पडझडीला 15 हजार रुपये होते. मावशींना तेवढेच मिळाले. मी नकाशा फुकट काढून दिला आणि अर्ज घेऊन गेलो. छाननी शुल्क, विकास शुल्क आणि राडारोड्याची अनामत मिळून तीन हजार सातशे निघाले. त्याआधी घरपट्टीची थकबाकी भरून ‘निरंक’ दाखला आणायचा होता, ती सहा हजारांच्या पुढे. मावशींनी चलनाचा कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, “भाऊ, ह्यातच धा हजार गेलं तर भिताड कशानं बांधू? शेणानं?”

त्यांनी परवानगी घेतलीच नाही. गवंड्याला बोलावून जुन्याच पायावर आठ दिवसांत भिंत उभी केली, वर गिलावा केला, चुना मारला. बाहेरून झकास दिसते. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्याच कामासाठी गेलो, तेव्हा सहज पायाच्या कडेला सळई खुपसून पाहिली. हातभर आत गेली. पुराने पायाखालची माती धुऊन नेली होती, दगड नुसते एकमेकांच्या आधाराने होते आणि त्यावर नवी भिंत बसवली होती.

मंत्रिमहोदय, माझे म्हणणे एवढ्या एका पोकळीचे आहे. शुल्कमाफीकडे तुमचे वित्त विभागवाले मदतीचा आणखी एक हप्ता म्हणून पाहतील. मी तसे पाहत नाही. शुल्क असले की माणूस अर्ज करत नाही. अर्ज आला नाही की अभियंता घरापर्यंत जात नाही आणि पाया कोणी बघत नाही. पूर गेल्यावर पालिकेला शहरातल्या प्रत्येक भिजलेल्या घराच्या पायाशी माणूस पाठवायची गरज असते. त्या वेळी नेमका तिथे टोलनाका कशाला बसवायचा? फुकट परवानगी म्हणजे लोकांना खिडकीपर्यंत आणण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग. तपासणी मात्र माफ करू नका. उलट ती सक्तीची करा.

कायद्यात थोडी वाट आधीच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 प्रमाणे, वारसा इमारती सोडल्या तर, इमारतीच्या आतल्या भागापुरत्या किंवा बाहेरचे रूप ठळकपणे न बदलणाऱ्या डागडुजीला परवानगीच लागत नाही. फरशी, गिलावा, आतली भिंत यासाठी लोकांनी रांग लावण्याचे कारण नाही. पण हे कोणी सांगत नाही. पूर ओसरला की प्रत्येक पालिकेच्या दारावर हे कलम साध्या मराठीत मोठ्या अक्षरात लावा. अर्धी गर्दी तिथेच परत फिरेल.

खरी गाठ आहे ती बाहेरची भिंत आणि छप्पर गेलेल्या घरांची. इथे ‘दुरुस्ती’ आणि ‘पुनर्बांधणी’ या दोन शब्दांत सगळे अडते. पाटबंधारे खाते नदीकाठाला दोन रेषा आखते. निळी रेषा 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे या रेषांच्या आतल्या पट्ट्यात नवे जोते (घराचा चौथरा) लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंच हवे. नियम शहाणपणाचाच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण आमच्या जुन्या पेठेत लाल रेषा रस्त्यापासून पुरुषभर उंचीवर लागते. म्हणजे एक भिंत पडलेल्या बाईच्या अर्जावर कनिष्ठ अभियंत्याने ‘पुनर्बांधणी’ असा शेरा मारला की तिने कायद्याने खांबांवर घर उभे करायचे. तो बिचारा ‘दुरुस्ती’ लिहायला घाबरतो, कारण उद्या चौकशी लागली तर सही त्याची. मग फाईल पडून राहते आणि मावशी गवंडी बोलावतात. किती भिंती आणि किती छप्पर जाईपर्यंत दुरुस्ती म्हणायची, हे तुमच्या सहीने एकदा कागदावर येऊ द्या. कनिष्ठ अभियंत्याला धीर येईल, आम्हालाही उत्तर देता येईल.

माफीचा गैरफायदा घेणारे असतात, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण ते माझ्याकडेच येतात. 2019 नंतर एका दुकानदाराने ‘पुरात पडलेला मजला’ बांधून द्या म्हणून गळ घातली. तो मजला कधी नव्हताच. याला उपाय सोपा आहे. पालिकेच्या कर आकारणीच्या उताऱ्यावर जेवढे क्षेत्र, तेवढ्यालाच माफी. त्यावर एक चौरस फूट वाढला तर वाढीव भागाचे पूर्ण शुल्क. मूळ बांधकामच अनधिकृत असेल तर माफीच्या वाटेने ते अधिकृत होणार नाही, हेही त्याच आदेशात येऊ द्या. आणि पंचनाम्यावर माफी बांधताना पूर ओसरल्यानंतरच्या दोन महिन्यांत पडलेली भिंतही धरा. का, ते वर सांगितलेच आहे.

कामगार कल्याणाचा 1 टक्का उपकर मात्र या माफीत ओढू नका. तो पालिकेचा पैसा नाही, बांधकाम मजुरांचा आहे. आणि पुरात त्यांच्या झोपड्या सगळ्यांच्या आधी जातात.

आता पालिकांचे रडगाणे. त्यात तथ्य आहे. पूर आला की घरपट्टी थकते, जलशुद्धीकरण केंद्राचे पंप बुडतात, कचरा आणि गाळ उचलायला बाहेरून गाड्या आणाव्या लागतात. अशा वर्षी छोट्या नगरपरिषदेला विकास शुल्कही सोडायला सांगितले तर मुख्याधिकारी कागदावर माफी देतील आणि तोंडी ‘ऐच्छिक’ देणगी मागतील. म्हणून जेवढे शुल्क माफ झाले तेवढी रक्कम राज्याने पालिकेला त्याच आर्थिक वर्षात द्यावी. पुराच्या वर्षी राज्य जे पॅकेज जाहीर करते (2021 मध्ये साडेअकरा हजार कोटींचे होते), त्यापुढे ही रक्कम कोपऱ्यातही दिसणार नाही.

थकबाकीची अट एका वर्षासाठी बाजूला ठेवा. थकबाकी वसूल करा, जरूर करा, पण पडक्या घराच्या परवानगीशी तिची गाठ घालू नका.

हे सगळे पुरानंतरच्या शासन निर्णयात नको. तो निघेपर्यंत गवंड्याचे काम संपलेले असते. जिल्हाधिकाऱ्यांनी एखादा प्रभाग आपत्तीग्रस्त म्हणून जाहीर केला की त्या दिवसापासून दोन वर्षे शुल्क आपोआप शून्य, असा कायमचा आदेश जूनच्या आत काढा.

मावशींच्या घरी गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो होतो. पायाच्या कडेने दोन ठिकाणी उकरून काँक्रीट भरायचे आहे आणि कोपऱ्याचा खांब बदलायचा आहे. या वेळी रीतसर करू म्हणाल्या. अर्ज मी भरून ठेवला आहे, नकाशा जोडला आहे. शुल्काचा रकाना तेवढा रिकामा सोडला आहे.

आपला,
नदीकाठचा एक परवानाधारक अभियंता