विषय: पूर्ण पैसे देऊनही आमच्या घरावर लागलेला लीन (थकलेल्या पैशांसाठी घरावर नोंदवलेला हक्क)

दि. ८ मे, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

प्रति,
व्यवस्थापक,

कालचा फोन सहावा होता. यापुढे फोन करणार नाही, जे काय ते लेखी.

आईचे गुडघे गेलेत म्हणून खाली खोली आणि बाथरूम तुमच्याकडून वाढवून घेतलं. शेवटचा ३१,५०० डॉलरचा चेक २८ फेब्रुवारीला, काम संपलं त्याच दिवशी दिला. ५ मार्चला मी काउंटीत नोटीस ऑफ कम्प्लीशन, म्हणजे काम पूर्ण झाल्याची नोटीस, रेकॉर्ड केली. तिथून सबकॉन्ट्रॅक्टरला लीन लावायला ३० दिवस, म्हणजे ४ एप्रिल. तुमच्या टाईलवाल्याने लावला १७ एप्रिलला, ८,४०० डॉलरचा. काम सुरू केल्यावर २० दिवसांत घरमालकाला द्यायची प्रिलिमिनरी नोटीस, म्हणजे 'मी इथे काम करतोय' ही आगाऊ सूचना, तर त्याने कधीच दिली नाही. हा लीन टिकणारा नाही, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. पण काउंटी रेकॉर्ड करताना हे काही तपासत नाही. आमचं रिफायनान्स (जुन्या गृहकर्जाच्या जागी नवं कर्ज) अडकलं आणि लॉक केलेला व्याजदर २ मेला हातचा गेला.

काल तुमचे प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले, "ताई, टेन्शन घेऊ नका. ९० दिवसांत त्याने दावा लावला नाही की लीन आपोआप मरतो." मी म्हटलं, मेला तरी दप्तरातून काढणार कोण? रिलीज किंवा कोर्टाची ऑर्डर रेकॉर्ड झाल्याशिवाय घराच्या मालकीची कागदपत्रं तपासणारी टायटल कंपनी पुढे सरकत नाही. त्यावर ते हसले. चक्क हसले. "ते तुम्ही आणि तो बघून घ्या. आमचा हिशोब क्लिअर आहे." फोन स्पीकरवर होता. आई बाथरूमच्या दारात दांडी धरून उभी होती. तिने विचारलं, "आपण त्यांचे पैसे दिले नाहीत का गं?"

दिलेत. त्या टाईल्सचे पैसे मी तुम्हाला दिले, तुम्ही त्याला दिले नाहीत. मग हिशोब कुणाचा क्लिअर आहे? शेवटच्या चेकच्या वेळी तुम्ही त्याचा कंडिशनल वेव्हर, म्हणजे लीनचा हक्क सोडल्याचा सशर्त कागद, माझ्या हातात ठेवलात, जो त्याला पैसे मिळाल्यावरच लागू होतो. अनकंडिशनल, म्हणजे विनाअट, तीनदा मागितला. तीनदा "उद्या देतो."

१९ मेपर्यंत त्याचे पैसे चुकते करा, लीनचा रिलीज रेकॉर्ड करून घ्या आणि प्रत मला पाठवा. नाहीतर राज्याच्या लायसन्स बोर्डाकडे तक्रार आणि तुमच्या लायसन्ससाठीच्या २५,००० डॉलरच्या हमी बाँडवर दावा, दोन्ही करीन. १६ जुलैला ते ९० दिवस संपतात; तोपर्यंत तो कोर्टात गेला नाही, तर त्याला १० दिवसांची नोटीस देऊन लीन काढायला मीच कोर्टात जाईन आणि त्या खर्चाचं बिल तुमच्याकडे येईल.

आपला मराठी माणूस म्हणून दोन कमी दरांची कोटेशनं बाजूला ठेवून तुम्हाला काम दिलं होतं. पैसे पूर्ण दिलेत, हे पुन्हा लिहिते.

तुमची ग्राहक