धरमतर खाडीतल्या आमच्या माणसांना

रविवारी रेवसजवळ आमच्या छोट्या होडीला ज्यांनी दोर टाकला, त्या सगळ्यांचे आम्हा नवरा-बायकोकडून मनापासून आभार. नावं सांगायला तुम्ही थांबलाच नाहीत, म्हणून इथं लिहितेय.

मुंबई बंदरातून निघून, करंजा डावीकडे ठेवून आम्ही खाडीत शिरलो आणि वाहून आलेला जाळ्याचा तुकडा पंख्यात अडकला. इंजिन बंद. उधाणाच्या दिवसांत इथं भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. त्या ओढीत आमचा नांगर चिखलात घसरत होता आणि समोर डोल जाळी बांधायचे खुंट. डोल जाळी पाण्याच्या ओढीवरच मासळी धरतात, म्हणजे आम्ही थेट कुणाच्या तरी पोटापाण्यावर जाऊन आदळणार होतो. मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

तांडेलदादा, तुम्ही ओढीला तोंड देत, आमच्या होडीला जराही न घासता बोट जवळ आणलीत. ते कसब मी विसरणार नाही. तुमच्या पोरसवदा खलाशानं कोयता घेऊन बुडी मारली. गढूळ पाण्यात दिसत काहीच नाही, नुसत्या हाताच्या अंदाजानं त्यानं पंखा मोकळा केला. मग “पानी फिरल्यावर निघा” म्हणालात, पैसे घेतले नाहीत आणि गेलात.

धक्क्यावरच्या मावशी, उन्हानं यांना भोवळ आली तेव्हा तुम्ही सावलीत बसवलंत, पाणी दिलंत, वर तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवणही. यांची तब्येत आता उत्तम आहे. रेवस-करंजाच्या कुणी हे वाचलं तर कृपया त्यांच्यापर्यंत पोचवा.