पंखाचं पीस आणि दहा मिनिटं

पुणे, रविवार दुपार

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज वाचून आधी हसलो, मग जरा घाबरलो. पहिलाच कॉस्प्ले, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून संमेलनात मिरवणं, आणि थेट आयर्न मॅनचं चिलखत? लेका, माझं पहिलं फोमचं चिलखत गोरेगावच्या संमेलनाच्या हॉलपर्यंत पोचेस्तोवर उललं होतं. चिकटवायचं सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं आणि मगच दाबायचं, हे कोपऱ्यावरच्या चप्पल शिवणाऱ्याला विचारलं असतं तरी कळलं असतं. मी ओलं असतानाच दाबलं आणि दिवसभर डावा खांदा काखेत धरून फिरलो.

तेव्हा यंदा ‘वन पीस’मधला लुफी कर. लाल बिनबाह्यांचं जाकीट, निळी हाफ पँट, गवती हॅट, डाव्या डोळ्याखाली टाक्यांची खूण. कापड रविवार पेठेत मिळेल, उरलेलं तुळशीबागेत आणि तुझ्याच कपाटात. मुख्य म्हणजे या वेशात बसता येतं, खाता येतं आणि बाथरूमला जाता येतं. हसू नकोस, चिलखतवाल्यांना विचार.

फोमची हौस घरी भागव. लहान मुलांच्या खोलीत अंथरतात त्या जोडायच्या चटया बहुधा ईव्हीए फोमच्याच असतात. त्यातून चिलखताचा नुसता एक पंजा कर. गरम हवा सोडणारी हीट गन फिरवलीस की फोम वाकतो आणि त्याची बारीक छिद्रंही मिटतात. मग पाणी घातलेल्या फेविकॉलचे तीन-चार हात दे, नाहीतर तो रंग पिऊन टाकतो. हे सगळं गॅलरीत, चांगला मास्क लावून. तो वास फुप्फुसांना बरा नाही.

काकू म्हणाल्या म्हणे, ‘हे कसलं जपानी खूळ!’ शब्द जपानीच आहे, नोबुयुकी ताकाहाशींनी १९८३ साली एका मासिकात वापरलेला. पण १९३९ मध्येच न्यूयॉर्कच्या विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट अॅकरमन भविष्यातल्या माणसाचा वेश करून फिरला होता. कौतुक त्याचं होतं, पण त्याचा आणि स्वतःचा असे दोन्ही वेश शिवले ते त्याच्या सोबतच्या मर्टल डग्लसने. आणि काकूंना सांग, दारात खोटा फौजदार होऊन येणाऱ्या बहुरूप्याला तुम्हीच सूपभर धान्य घालत होतात.

आता जे तुला आजवर सांगितलं नाही ते. त्याच पहिल्या वर्षी एका मुलीने पांढरे पंख केले होते, एकेक पीस कापून लावलेलं. मी मागून गेलो आणि ‘खरं आहे का?’ म्हणत एक ओढलं. ते हातात आलं. ती ओरडली नाही. पिशवीतून गोंदाची ट्यूब काढली आणि म्हणाली, ‘धर इथे. दहा मिनिटं.’

मी धरून उभा राहिलो. त्या दहा मिनिटांत दोघांनी न विचारता तिच्या कमरेत हात घालून फोटो काढले. एक जण जमिनीवर बसून खालून कॅमेरा लावत होता. एक काका म्हणाले, ‘एवढ्या वेळात अभ्यास केला असता.’ ती प्रत्येकाला तेच हसू देत होती, आणि मला पाठीमागून तिचे आवळलेले खांदे दिसत होते. न्यूयॉर्क कॉमिक कॉन या कॉमिक्सवाल्यांच्या संमेलनाने २०१४ साली ‘कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे’ असे मोठे फलक लावले होते. ते कशासाठी, हे मला पीस धरून कळलं. शिवाय त्या रांगेत मीही होतोच, सगळ्यांच्या आधी.

म्हणून फोटो काढायच्या आधी विचार. जेवताना किंवा पिन लावताना कुणाला थांबवू नकोस. नको म्हटलं की विषय संपला. ‘या पात्रासाठी तू जाड आहेस, काळा आहेस’ असं बोलणारे भेटतील, तुलाही बोलतील. तू मात्र बोलू नकोस, आणि पात्रासाठी कातडीचा रंगही बदलू नकोस. वेश विकत आणला तरी हरकत नाही, फक्त ‘मी शिवला’ म्हणू नकोस. फोटो टाकलास तर काढणाऱ्याचं नाव लिही. कुणी चिमुरडं ‘लुफी!’ ओरडत आलं तर मात्र गुडघ्यावर बस आणि बत्तिशी दाखव.

पिशवीत सुईदोरा, सेफ्टी पिना, फेविक्विक आणि पाण्याची बाटली ठेव. तिसऱ्या तासाला कुणालातरी लागतंच.

डोक्याचा घेर इंचांत कळव. हॅट मी बघून ठेवतो, पण तुझ्या मापाची मिळेल असं वाटत नाही.

तुझा,
दिन्या