माणेकचौक दुपारीही पाहावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला अहमदाबादच्या जुन्या शहरावरचा लेख वाचला. पोळांमधली, म्हणजे जुन्या गल्लीवस्त्यांमधली, लाकडी घरे, पक्ष्यांना दाणे घालायचे चबुतरे, रात्रीचा माणेकचौक, सगळे आले आहे आणि घुघरा सँडविचवर तर अख्खा परिच्छेद आहे. खटकला तो शेवट: तीन दरवाजा या जुन्या वेशीभोवतीचे फेरीवाले हटवले की हा वारसा खुलून दिसेल, असे लेखकाचे म्हणणे. कामानिमित्त कोटाच्या आत रोजची ये-जा असल्यामुळे त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

माणेकचौकाची जागा एकच, पण तिचे धनी दिवसभरात बदलत राहतात. सकाळी भाजी येते, गाईंना चारा घालायला माणसे येतात. मग सराफांच्या पेढ्या उघडतात. रात्री आठनंतर शटर खाली आले की त्याच पेढ्यांच्या पुढ्यात तवे आणि बाकडी लागतात. सराफांची त्याला ना नसते. बंद पेढीसमोर मध्यरात्र उलटेपर्यंत लोक भाजीपाव खात बसले, की फुकटची राखणच झाली. कोण किती वाजता उठणार आणि कोण बसणार, हे इथे पाटी न लावता ठरलेले आहे. लेखकाला ज्या गर्दीची अडचण झाली, ती या हिशेबाने चालते.

आपल्याकडच्या पाहुण्यांना हे दिसत नाही, कारण त्यांची वेळच चुकते. सकाळी आठला काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून महापालिकेचा हेरिटेज वॉक निघतो. 1997 पासून चालू असलेला हा उपक्रम उत्तमच आहे. पण तो जामा मशिदीपाशी संपतो तेव्हा दुकानदार नुकते कुलपे काढत असतात. मंडळी हॉटेलवर जातात आणि थेट रात्री खायला उगवतात. मधला अख्खा बाजार राहून जातो. राणीनो हजिरोच घ्या. अहमदशाहाच्या राण्यांच्या कबरींच्या चौथऱ्याला लगटून चणियाचोळी, भरतकामाच्या किनारी, ऑक्सिडाइज्ड दागिने आणि मुखवासाची दुकाने आहेत. नवरात्राच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसते. पलीकडे ढालगरवाडात कापड. (मराठी वळणाचे हिंदी कानावर पडले की भाव चढतो, हे मात्र खरे. गुजराती आकडे शिकून यावे.)

आता फेरीवाल्यांचे. भद्रचा किल्ला आणि तीन दरवाजा यांच्यामधली जागा मुळात शाही मैदान होती, 1638 मधल्या एका परदेशी प्रवाशाच्या वर्णनात तिथे खजुराची आणि संत्र्यालिंबांची झाडे आहेत. म्हणजे पथारीवाले नंतर आले, हे मान्य. पण म्हणून त्यांना उठवायचे, तर मग कोटही पुन्हा बांधावा लागेल. तो विसाव्या शतकात बहुतेक पाडला गेला, उरले ते दरवाजे. युनेस्कोने 2017 मध्ये या शहराला जागतिक वारसा ठरवले, देशात हा मान मिळालेले हे पहिले शहर. तो मान नांदत्या शहराला आहे. 2014 चा पथविक्रेता कायदा तर याहून पुढे जातो. जिथे विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ बसत आले आहेत, असे बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असे त्याच्या अनुसूचीतच आहे. साबरमतीच्या काठाची सुधारणा झाली तेव्हा एलिसब्रिजखाली दर रविवारी भरणाऱ्या जुन्या गुजरी बाजाराला आपल्या जागेसाठी न्यायालयात जावे लागले होते. पुरवणीतल्या लेखात यातले काहीच नाही.

आणखी एक गोष्ट मराठी वृत्तपत्रात तरी यायला हवी होती. पेशवे आणि गायकवाड यांचा अंमल या शहरावर 1817 पर्यंत होता. त्या काळातला, 1812 सालचा देवनागरी शिलालेख तीन दरवाजावरच आहे. सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांचा तो हुकूम आहे. वडिलांच्या मालमत्तेत मुलीला तिचा वाटा बिनहरकत द्यावा, न देणारा हिंदू असेल तर महादेवाला आणि मुसलमान असेल तर अल्लाला जबाब देईल, असा त्याचा आशय. हुकूम कचेरीत न ठेवता या दरवाजावर लावला, कारण येणारेजाणारे इथूनच जात. आजही त्याच्या आसपास बांगड्या आणि रुमाल विकणाऱ्या बायका बसतात. लेखकाला त्या आड आलेल्या दिसल्या.

पुरवणीत पुन्हा कधी हा विषय घेतलात तर वाचकांना एवढे जरूर सांगा: गाडी कोटात आणू नये, मेट्रोने घीकांटाला उतरून चालत यावे. बाराच्या सुमारास आले तर उत्तम. रविवारी बहुतेक पेढ्या बंद असतात, त्या दिवशी गुजरी बाजार गाठावा.

आपला,
एक वाचक, मणिनगर, अहमदाबाद