मोत्या मावशी आणि आपली आजी

तिबिलिसी

ती. आईस व ती. बाबांस,
सा. न.

फोनवर एवढं बोलता येत नाही. आई, तू मधेच जेवलास का विचारतेस आणि बाबा 'बिल वाढतंय' म्हणतात, ते बिल व्हॉट्सअपवर येत नाही हे दहादा सांगूनही. म्हणून पत्र.

युक्रेनमधल्या खारकिवच्या घरमालकीणबाई तुम्हाला आठवत असतील. 2022 च्या फेब्रुवारीत रशियाचा हल्ला झाला आणि तळघरातून मी फोन करायचो तेव्हा मागून ज्यांचा आवाज यायचा, त्याच. आम्ही त्यांना बाबुस्या, म्हणजे आजी, म्हणायचो. जन्मभर रशियनच बोलल्या. त्यांची आई खेड्यातली, युक्रेनी बोलणारी, पण शहरात आल्यावर तिनेच मुलीला सांगितलं होतं की चारचौघांत तसं बोलू नकोस, हसतील. आता सत्तरीत बाबुस्या माझ्याशी अडखळत युक्रेनी बोलतात. शब्द अडला की चिडतात, रशियन शब्द वापरतात आणि मग स्वतःवरच चिडतात. त्यांनीच मला एक नाटक बघायला लावलं. मला रशियन येतं म्हणून अर्धं कळलं, उरलेलं त्यांनी फोनवर समजावलं.

नाटकाचं नाव 'मिना माझाइलो', लेखक मिकोला कुलिश. 1929 मध्ये खारकिवच्या बेरेझिल थिएटरने ते रंगवलं. तेव्हा खारकिव सोव्हिएत युक्रेनची राजधानी होतं. सुम्स्का रस्त्यावरच्या त्या थिएटरवरून मी दोन वर्षं गेलो, एकदाही आत गेलो नाही. मिना हा एक कारकून. आपल्या युक्रेनी आडनावाची त्याला लाज वाटते. 'माझाइलो' म्हणून शाळेत हसले, मुली फिरकल्या नाहीत, नोकरी मिळेना. म्हणून त्याला रशियन वळणाचं 'माझेनिन' व्हायचंय, उच्चार सुधारायला बाईंची शिकवणीसुद्धा लावतो. मुलगा मोकी मात्र युक्रेनीवेडा, तो म्हणतो आडनाव बदलायचंच तर आणखी लांब करा, जुनं 'क्वाच'ही जोडा. तेव्हा सरकारच युक्रेनी भाषा पुढे आणत होतं, त्यामुळे बाप उलट्या प्रवाहात पोहतोय, ही त्यातली गंमत.

पण मी हसलो आणि नंतर गप्प झालो तो बायकांवर. आई आणि मुलगी मिळून कुर्स्कहून मोत्या मावशीला बोलावून घेतात. (बाबा, नाव ऐकून हसू नका, आपला मोत्या वेगळा.) ती स्टेशनवर उतरते आणि पाटीवर रशियन 'खार्कोव'ऐवजी युक्रेनी 'खारकिव' वाचून पहिली तक्रार करते की तुम्ही आमचं शहर का बिघडवलंत. युक्रेनीबद्दलचं तिचं सगळ्यात कुप्रसिद्ध वाक्य मी तुम्हाला लिहिणार नाही, आईबापांना लिहिण्यासारखं नाही ते. घरातली आई तिच्याच बाजूची. का? मुलीचं लग्न चांगल्या घरात व्हावं, पोरं कुणाच्या हसण्याचा विषय होऊ नयेत. ती वाईट नाही, आणि तेच जास्त लागतं.

बाबुस्या म्हणाल्या, आमच्याकडे अशा आया आधीपासून आहेत. स्तारित्स्कीचं 1883 चं नाटक 'दोन सशांमागे' घ्या. मुलगी प्रोन्या थोडे दिवस पान्सिओनात, म्हणजे मुलींच्या खासगी निवासी शाळेत, राहून येते आणि उच्चभ्रूंसारखं मोडकंतोडकं रशियन झाडते, आईबाप मात्र कौतुकाने विरघळतात. तिची मावशी सेक्लेता, स्वतः एका मुलीची आई, सफरचंदं विकणारी, तोंडाची तिखट. सगळ्यांना फसवणारा प्रोन्याचा नवरदेव अखेर या सेक्लेताच्याच हाती सापडतो. मला या नाटकांतली खरी युक्रेनी आई तीच वाटते. किव्हमध्ये हातात तलवार-ढाल घेतलेली 62 मीटरची आई, मातृभूमीचा पुतळा, उभी आहे. 2023 मध्ये तिच्या ढालीवरचा सोव्हिएत हातोडा-कोयता काढून युक्रेनचा त्रिशूळ बसवला. पण ती बोलत नाही ना! बाजारातली बोलते, शिव्याही देते. 1961 मध्ये या नाटकावर निघालेला सिनेमा वर्षानुवर्षं रशियनमध्येच दाखवला गेला. मूळ युक्रेनी आवाजाची फीत 2013 मध्ये सापडली, तीही मारियुपोलच्या चित्रपट-भांडारात. मारियुपोलचं पुढे काय झालं ते तुम्ही बातम्यांत पाहिलंय.

कुलिश आणि बेरेझिलचा दिग्दर्शक लेस कुर्बास, दोघांनाही सोव्हिएत सरकारने 3 नोव्हेंबर 1937 ला रशियाच्या कारेलियातल्या सांदर्मोखला गोळ्या घातल्या. लोकांना हसवणारी ही माणसं. यावर मला काही लिहिता येत नाही.

आई, आता मुद्द्याचं. रागावू नकोस. आजी नाशिकला क्वार्टरवर यायची तेव्हा जिन्यातूनच ओरडायची, 'काय करी ऱ्हायना रे?' आणि तू पटकन दार लावून घ्यायचीस. शेजारच्या काकूंना म्हणायचीस, त्या जरा गावाकडचं बोलतात. मी सहावीत पालकसभेला आजीला नेऊ नको म्हणून रडलो होतो, तेव्हा तू मला रागावली नाहीस. मला ते बरंच वाटलं होतं. तू तेव्हा मोत्या मावशी होतीस असं मी म्हणत नाही. धुळ्याहून आल्यावर शाळेतल्या बाईंनी तुझ्या अहिराणीला हसून तुला उभं केलं होतं, हे मला मामाने सांगितलं, तू कधीच नाही. मग माझ्या तोंडात ती बोली तू येऊच दिली नाहीस. मला आज अहिराणीतली मोजून वीसेक वाक्यं येतात, आणि रशियनमध्ये अख्खं शरीरशास्त्र.

बाबुस्यांना मी हे सांगितलं. त्या विचारत होत्या, तुझी आई अजून बोलते का ती भाषा? मला उत्तर देता आलं नाही. आजी गेल्यापासून तू कुणाशी बोलतेस अहिराणी? मामाशी तरी?

परीक्षा जूनमध्ये आहे, अभ्यास बरा चाललाय. बाबा, बीपीच्या गोळ्या सकाळीच घ्या, आठवण येईल तेव्हा नाही. रविवारी फोन करतो. आई, तू उचल, आणि 'जेवलास का' हे आजीच्या भाषेत विचार. मी तशाच भाषेत उत्तर द्यायचा प्रयत्न करीन. चुकलो तर हसायचं नाही.

तुमचा,
बाळू