नियम आधी सांगा, आणि स्वतःही पाळा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विकास हवा की पर्यावरण, यावर आपल्या पत्रस्तंभात गेले काही दिवस जोरात वाद चालू आहे. एकीकडे नदीकाठची झाडे आणि टेकड्या वाचवायला धडपडणारे पुणेकर आहेत. दुसरीकडे ‘यांच्यामुळे रस्ते अडतात, कारखाने बाहेर जातात’ असे म्हणणारे आहेत. ज्याचा धंदाच प्रदूषणाच्या यादीत वरच्या रांगेत बसतो अशा कुणाचे पत्र मात्र अजून दिसले नाही, म्हणून हे लिहितो आहे. भोसरी एमआयडीसीत माझा झिंक प्लेटिंगचा लहान कारखाना आहे. गाड्यांचे नट, बोल्ट, ब्रॅकेट आमच्याकडे येतात आणि जस्ताचा थर चढवून परत जातात. प्रदूषण नियंत्रणाच्या वर्गवारीत प्लेटिंग लाल गटात आहे आणि ते योग्यच आहे. राहायला मी बोपोडीला आहे, त्यामुळे रोज हॅरिस पुलावरून मुळा ओलांडतो.

आमच्या शेडमध्ये पाण्याचे काय होते ते आधी सांगतो. माल आम्लात साफ होतो, बॅरलमधून जस्ताच्या बाथमध्ये म्हणजे द्रावणाच्या टाकीत जातो, मग गंज लवकर धरू नये म्हणून त्याचे पासिव्हेशन होते, म्हणजे वर रसायनाचा पातळ थर चढवतात. प्रत्येक टप्प्यानंतर तो पाण्यात खळबळून घ्यावा लागतो. हे धुवणाचे पाणी हेच खरे दुखणे. त्यात आम्ल असते, जस्त असते आणि पूर्वी हेक्झाव्हॅलंट क्रोम, म्हणजे क्रोमियमचे विषारी रूप, असायचे. जुन्या बोल्टवर जो सोनेरी पिवळा रंग दिसतो तो त्याचा. या क्रोममुळे फुप्फुसाचा कॅन्सर होतो. आमच्याकडे कामाला आलेल्या एका वयस्कर कारागिराच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलेले होते. आधीची कितीतरी वर्षे तो दुसरीकडे क्रोमच्या टाकीवर उभा होता आणि ती वाफ रोज त्याच्या श्वासातून आत जात होती.

हे पाणी तसेच सोडता येत नाही. हेक्झाव्हॅलंट क्रोम असेल तर आधी आम्ल घालून त्याचा पीएच तीनच्या खाली आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून क्रोम कमी विषारी रूपात आणायचे, मग चुना घालून पीएच साडेआठ-नऊपर्यंत चढवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि फिल्टर प्रेसमधून दाबून काढायचा. हा गाळ धोकादायक कचऱ्यात मोडतो. तो पोत्यांत भरून, कागदपत्रांसह, रांजणगावच्या प्रकल्पाकडे पाठवायचा आणि तिथल्या विल्हेवाटीचे पैसेही आपणच भरायचे. बाहेर जाणाऱ्या पाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोम लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. मर्यादा कडक आहे, आणि ती पाळता येते.

पाळायला पैसे लागतात, एवढेच. आमच्याकडे हा खर्च मालाच्या किलोमागे रुपया-सव्वा रुपया पडतो. जॉबवर्कच्या धंद्यात आठ आण्यांच्या फरकाने काम हातचे जाते. जो रात्री टाकी नाल्यात रिकामी करतो त्याला हा रुपया लागतच नाही. आमचे एक जुने गिऱ्हाईक असेच गेले. ज्याच्याकडे गेले त्याच्या शेडमागचा नाला पाहिला की त्याला तो भाव कसा परवडतो ते समजत असे. ‘नियमांमुळे उद्योग मरतात’ असे म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे की मला नियमाने कधी मारले नाही. नियम पाळणाऱ्याने पैसे भरायचे आणि मोडणाऱ्याने गिऱ्हाईक न्यायचे, याने मारले.

पिवळे क्रोम आमच्या शेडमधून कसे गेले ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ते आपल्याकडच्या कुठल्या अधिकाऱ्यामुळे गेले नाही. युरोपीय संघाने २००० साली मोडीत निघणाऱ्या वाहनांविषयी एक निर्देश काढला. त्यात शिसे, पारा, कॅडमियम आणि हेक्झाव्हॅलंट क्रोम नव्या गाड्यांतून हटवायचे ठरले. गंजरोधक थरातल्या क्रोमला १ जुलै २००७ पर्यंत मुदत मिळाली. निर्यातीच्या गाड्यांसाठी माल घेणाऱ्या कंपन्यांच्या ड्रॉइंगवर ‘क्रोम सिक्स फ्री’, म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोम नको, अशी अट येऊ लागली. सुरुवातीला सगळ्यांची तारांबळ झाली. ट्रायव्हॅलंटचे, म्हणजे कमी विषारी क्रोमचे, नवे पासिव्हेशन महाग होते, खारे पाणी फवारून गंज पाहणाऱ्या सॉल्ट स्प्रे चाचणीत माल नापास व्हायचा, बाथचे तापमान आणि पीएच जरा हलले की रंग बिघडायचा. वर्ष-दोन वर्षांत ते जमले. रसायने पुरवणारेही स्वस्त झाले. या बदलामुळे बंद पडलेला एकही कारखाना माझ्या पाहण्यात नाही, कारण अट आधी सांगितली होती, तारीख एक होती आणि शेजाऱ्याला त्यातून सूट नव्हती.

पण युरोपातला ग्राहक बोल्ट तपासतो. बोल्ट धुतलेले पाणी कुठे गेले ते तपासायला तो भोसरीत येत नाही आणि त्याने यावे अशी अपेक्षाही नाही. ते काम आपल्या सरकारचे आहे, आणि नेमक्या त्या ठिकाणी मला सरकार दिसत नाही.

सरकारने उद्योगात लुडबूड करू नये, असे आमच्या असोसिएशनच्या बैठकांत नेहमी ऐकू येते. मला ते पटत नाही. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली नसती तर माझ्यासारख्या डिप्लोमावाल्याला पाचशे मीटरचा प्लॉट कुणी दिला असता? माळरानावर रस्ते सरकारने केले. रावेतला पवनेचे पाणी उचलून कारखान्याच्या दारापर्यंत नळाने आणून दिले. हा औद्योगिक पट्टा सरकारी गुंतवणुकीवर उभा आहे. चूक पुढे झाली. पाणी आत आणण्याची व्यवस्था झाली, वापरलेले पाणी बाहेर नेण्याची तितक्या तळमळीने झाली नाही. आणि हे आपल्याला सुचले नव्हते असेही नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्येच केला होता, केंद्राच्या कायद्याच्या पाच वर्षे आधी.

दोन हजार फुटांच्या शेडमध्ये प्रत्येकाने स्वतंत्र प्रक्रिया संयंत्र बसवायचे, त्यावर केमिस्ट ठेवायचा आणि ते रोज नीट चालवायचे, हे लहान प्लेटरला झेपत नाही. सामाईक सांडपाणी केंद्र हाच त्यावर उपाय. टँकरने पाणी न्या, मोजून पैसे घ्या, पण एकाच ठिकाणी जाणकार माणसांच्या हाती प्रक्रिया होऊ द्या. अशा केंद्रांसाठी केंद्र सरकारच्या २०१२ च्या सुधारित योजनेत निम्मा खर्च केंद्र सरकारचा, पाव राज्याचा आणि पाव उद्योजकांचा असा हिशेब होता. आमचा पाव हिस्सा द्यायला आम्ही अनेक जण तयार आहोत. भोसरीतल्या केंद्राच्या चर्चा ऐकत ऐकत माझ्याबरोबर धंद्यात आलेले काही जण निवृत्तही झाले.

दंडाचेही बोलायला हवे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातली तुरुंगवासाची शिक्षा बहुतांशी काढली आणि तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड आणला. आमच्यातल्या अनेकांनी सुटकेचा श्वास टाकला. प्रामाणिक माणसावरची टांगती तलवार गेली याचा मलाही आनंद आहे. पण पंधरा लाखांत माझ्याकडच्या कामगारांचे कित्येक महिन्यांचे पगार होतात, आणि हजारो कोटींची उलाढाल असलेल्या कंपनीला ती रक्कम जाणवणारही नाही. नाल्यात पाणी सोडून जितके पैसे वाचवले त्याच्या काही पट दंड, असे सूत्र असते तर लहानमोठा सगळ्यांना एकच न्याय झाला असता.

आता शहराच्या स्वतःच्या सांडपाण्याकडे येतो. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या ‘जायका’च्या कर्जातून सुमारे ९९० कोटींची योजना मंजूर झाली, तेव्हा माझे केस काळे होते. अकरा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे, रोज ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता. निविदा, फेरनिविदा, जागांचे वाद यांत वर्षे गेली. ६ मार्च २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते कामाची पायाभरणी झाली तेव्हा खर्चाचा आकडा १४७० कोटींवर पोहोचला होता. त्याच दिवशी नदीकाठ सुधार प्रकल्पाचीही पायाभरणी झाली. तो तर ४४ किलोमीटरचा आणि सुमारे ४७०० कोटींचा. बागा, फिरायचे मार्ग आणि घाट कुणाला नकोत? पण काठ देखणा करून आतले पाणी तेच राहणार असेल तर क्रम चुकला आहे. आधी मैलापाणी, मग काठ. आणि पात्राला कुठेही एक मीटरही कमी करू नका. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकहून जास्त पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत किती पाणी शिरले ते शहराने पाहिले आहे. आपले हे सगळे पाणी पुढे भीमेतून सोलापूरकडच्या उजनी धरणात जाते. पुण्याची वाढ होते आणि तिचे धुवण सोलापूर जिल्ह्याच्या पदरात पडते, हे मला पुणेकर म्हणून लाजिरवाणे वाटते.

सरकार जिथे वेळेवर ‘नाही’ म्हणत नाही तिथे पुढे बुलडोझर येतो. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पुराच्या हद्दीच्या, आत ३६ बंगले उभे राहिले. हरित न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयात कायम झाला आणि १७ मे २०२५ ला ते पाडले. निकाल बरोबरच आहे, नदीच्या जागेत घर नकोच. पण आयुष्यभराची कमाई घातलेल्या त्या कुटुंबांना प्लॉट विकले जात होते तेव्हा पूररेषेचा नकाशा सरकारकडेच होता ना? खरेदीखत नोंदवतानाच संगणकाने ‘हा गट पूररेषेत आहे’ असे सांगून व्यवहार थांबवणे आज अशक्य आहे का? त्याच वर्षी फेब्रुवारीत कुदळवाडीतली भंगाराची गोदामे आणि लहान कारखाने पाडले, हजारो बांधकामे. तिथल्या आगींचा आणि धुराचा त्रास खरा होता. पण कितीतरी वर्षे डोळ्यांदेखत वाढू दिलेले सगळे आठ-दहा दिवसांत पाडले, तेव्हा तिथे हातावर पोट असलेल्यांनी मशीन घेऊन जायचे कुठे, याचे उत्तर आधी तयार हवे होते.

टेकड्यांच्या बाबतीत एकच सांगतो. पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतल्या जवळपास ९७८ हेक्टरवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण टाकले, ते फार चांगले केले. मालकाला मोबदला मात्र आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधकामासाठी वापरता किंवा विकता येणारा हक्क. एवढ्यावर कुणी जमीन देत नाही, मग गुंठे पाडून ती विकली जाते आणि टेकडीही जाते. शहराला टेकडी हवी असेल तर तिची योग्य किंमत शहराने मोजावी. मिळकत करात त्यासाठी काही वाढले तर मी भरायला तयार आहे.

माझ्या कारखान्याच्या फाटकाबाहेर एक फलक आहे. तो लावणे आम्हाला बंधनकारक आहे. आम्ही कोणती घातक रसायने वापरतो, किती सांडपाणी आणि किती घातक कचरा निर्माण होतो, हे त्यावर लिहावे लागते. रस्त्यावरून जाणारा कोणीही ते वाचून जाब विचारू शकतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी आपल्या प्रत्येक मैलापाणी केंद्राच्या फाटकावर असाच फलक लावावा, ही या पत्राद्वारे मागणी आहे. आज किती पाणी आत आले, किती शुद्ध झाले, किती तसेच नदीत गेले आणि बाहेर पडलेल्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप, किती आला, हे त्यावर मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि रोज बदलून लिहिलेले असावे. दोन्ही आयुक्तांनी याला आपल्या वृत्तपत्रातून उत्तर द्यावे, अशी विनंती.

आपला,
भोसरीतील एक लघुउद्योजक
बोपोडी, पुणे