स्केटिंगच्या आधी थांबायला शिकवणाऱ्या ताईंना, मनापासून थँक्यू

ताई,

हे तुम्हाला साधा मेसेज करून पण लिहिता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण टोरांटोत दर हिवाळ्यात आपले कितीतरी लोक नवीन येतात, पोरांना घेऊन सिटीच्या बर्फाच्या रिंकवर जातात, तिथे चार लोक त्यांना पुढे कसं जायचं ते सांगतात आणि थांबायचं कसं हे कोणीच सांगत नाही. तुम्ही मला आधी थांबायला शिकवलंत. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये.

मी नाशिकला लहानपणी क्वाड स्केट्स, म्हणजे चार चाकांची रोलर स्केट्स चालवलेली, त्याला पुढे रबरी ब्रेक असतो, तो टेकवला की वेग कमी होतो. फिगर स्केटच्या पात्याला पण पुढे दात असतात, टो पिक म्हणतात त्याला, आणि रोलरवरून आलेल्या माणसाला तो ब्रेकच वाटतो. बर्फावर पाय ठेवायच्या आधीच तुम्ही बजावलंत की हा ब्रेक नाही, हा उड्या आणि स्पिनसाठी आहे, पुढे जाताना तो बर्फात रुतला तर पाय अडकतो आणि बाकीचं अंग पुढे जातं. मागच्या पायाचा टो पिक फरफटत थांबणारे पण तुम्ही तिथल्या तिथे दाखवलेत, बर्फावर त्यांचे चर पडलेले. एवढं एक सांगितलंत म्हणून माझे दात, नाक, मनगटं सगळं शाबूत राहिलं असं मला खरंच वाटतं.

मग बाकावर बसून तुम्ही माझा स्केट उलटा धरलात. पात्यावर एक नाणं आडवं ठेवलंत आणि म्हणालात खिडकीकडे धरून बघ. जेमतेम 4 मिलिमीटर जाडीचं ते पातं, मला वाटलेलं सुरीसारखी एकच धार असेल, पण नाण्याच्या खालून उजेडाची बारीकशी फट दिसली. मधे खोलगट, आणि दोन्ही बाजूंना दोन धारा, आतली एज आणि बाहेरची एज. नाणं सरळ बसलंय म्हणजे दोन्ही एज सारख्या उंचीच्या आहेत, तिरकं बसलं तर धार लावणाऱ्याकडे परत न्यायचं, हे पण तेव्हाच कळलं. आणि ताजी धार लावलेली असली की पातं जास्त पकडतं, आडवं घसरायला कुरकुरतं, म्हणून त्या दिवशी थांबे जरा हळू वेगात करायचे.

आणि मग तुमचं ते गोळ्याचं वाक्य! गोळेवाला पात्यावर बर्फाची लादी घासतो तेव्हा बर्फ कापायचा नसतो, किसायचा असतो, तसंच कर. त्या एका वाक्यात मला सगळे स्टॉप कळले. पातं सरळ धरलं की ते पळतं, आडवं धरून किसलं की थांबतं. एज जास्त तिरकी केली की रुतते, अगदी सपाट ठेवली की नुसतीच घसरते, या दोन्हीच्या मधलं ते दाबणं पायाला कळायला लागतं.

बोर्डाला, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीला, धरून उभं राहायचं आणि एक पाय बाहेरच्या बाजूला ढकलत राहायचं, पात्यापुढे पांढरा भुगा जमेपर्यंत. कंटाळवाणं दिसतं पण नव्या माणसाने हेच करावं, खूप वेळ करावं. आवाजावरून सुद्धा कळतं, खरवडल्यासारखा सलग खर्रर्र आला म्हणजे बरोबर, कट्ट झालं म्हणजे एज रुतली. तुम्ही तर पाठ करून उभ्या राहायचात आणि नुसत्या आवाजावरून सांगायचात "वजन पुढे गेलंय तुझं".

स्नोप्लाऊ स्टॉप त्यातूनच आला, चवडे जरा आत, टाचा बाहेर, गुडघे वाकवून दोन्ही आतल्या एजवर बाहेर ढकलायचं. मग एकाच पायाने. हा सगळ्यात आधी शिकायचा आणि गर्दीत सगळ्यात जास्त उपयोगाचा, त्याच्याबद्दल जास्त काय लिहू.

टी-स्टॉपवर मात्र तुम्ही माझ्यासाठी जो वेळ दिलात त्याचे आभार कसे मानू कळत नाही. मागचा पाय पुढच्या टाचेच्या मागे आडवा, इंग्रजी टी सारखा, हे कोणी पण सांगतं. पण मागचा पाय आतल्या एजवर फरफटला तर अंग गोल फिरतं, बाहेरच्या एजवर यायला पाहिजे आणि वजन हळूहळू मागच्या पायावर यायला पाहिजे, हे तुम्ही माझ्या शेजारून उलट्या जात जात, माझा हात धरून दाखवलंत. बाहेरच्या एजवर वजन टाकायची भीती वाटतेच, मागे पडू असं वाटतं. तुम्ही एकदाही घाई केली नाहीत. "कंबर सरळ, गुडघा वाकव, थांबायची वाट बघ" एवढंच. थंडीत नाक लाल झालेलं तुमचं, तरी थांबलात.

हॉकी स्टॉपला, म्हणजे दोन्ही पाती एकदम आडवी करून थांबायला, पण आधी कंबर आणि खांदे वेगळे करायला लावलेत, खांदे समोर, कंबर खालून आडवी, वळताना जरा वर हलकं व्हायचं आणि लगेच गुडघ्यात खाली बसायचं, वजन पात्याच्या मधोमध. हॉकीच्या स्केटला टो पिक नसतो त्यामुळे ती मुलं चवड्यावर कशीही गेली तरी चालतं, आपल्याला चालत नाही, हा फरक तुम्ही सांगितला नसतात तर मी त्या मुलांचं बघून तेच करायला गेले असते.

या फेब्रुवारीत ओटावाला रिडो कॅनॉलवर गेलो होतो, 7.8 किलोमीटरचा बर्फाचा रस्ता, वीकेंडची ही गर्दी, आणि नैसर्गिक बर्फ म्हणजे मधे मधे भेगा. माझ्या अगदी समोर एक छोटं पोर धपकन बसलं. मी टी-स्टॉप मारून त्याच्या हातभर आधी थांबले, त्याला उठवलं, त्याच्या आईने थँक्यू म्हटलं. ते थँक्यू खरं तुमचं आहे ताई, म्हणून इथे पोचवतेय.

डाव्या बाजूचा हॉकी स्टॉप अजून राहिलाय. नोव्हेंबरच्या शेवटी रिंक उघडली की शनिवारी सकाळी येताय ना? लेकीला पण आणतेय, तिला पण आधी बोर्डाला धरून भुगाच करायला लावा. चहाचा थर्मास माझ्याकडे.

तुमची,
रिंकवरची नाशिककर